होडीला घाम येतो

कव्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोबाईलचं येईल. माझ्याही यायचं. २०२१च्या जूनपर्यंत मी कुठल्याही कव्हरवर दहा मिनिटांपेक्षा जास्त विचार केला नव्हता. त्यानंतर मात्र जवळपास वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं फारसं काही नव्हतं.

होडी बाबांची. आजोबांनी १९८७ साली बांधून घेतलेली. सोळा फूट लांब, मधोमध चार फूट रुंद, फणसाच्या आणि उंडीच्या लाकडाची. एका बाजूला उलांडी, एक डोलकाठी, एक शीड. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या काठावर आमची वाडी. मासेमारी हा आमचा धंदा नव्हे. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. ड्यूटी संपवून आले की चहा प्यायचे आणि गरी घेऊन खाडीत जायचे. निवृत्त झाल्यावर रोज जायला लागले. खाडीतल्या बहुतेक होड्यांना आता इंजिनं आहेत आणि नव्या होड्या सगळ्या फायबरच्या. शिडाच्या उरल्या आमची धरून दोन-तीन. पर्यटक फोटो काढतात. बाबा त्यांच्याकडे बघत नाहीत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. आमच्या होडीला ती लागू नाही, पण भर पावसाळ्यात खाडीत शिडाची होडी घालण्याइतकं वेड आमच्या घरात अजून कुणाला लागलेलं नाही. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढायची, उलांडी सोडवायची, नारळाच्या ओंडक्यांवर होडी चढवायची, बाहेरून उंडीचं तेल मारायचं आणि झाकायची. ती परत पाण्यात जाते गणपती गेल्यावर. म्हणजे जवळपास चार महिने आणि पावसाळाभराचा पाऊस.

माझ्या लहानपणी होडी चुडतांनी झाकायचे. नारळाच्या झावळीला आमच्याकडे चुडत म्हणतात. आई अंगणात बसून त्यांची झापं विणायची, बाबा बांबूची कैची उभी करून वर छप्पर घालायचे. होडीला चार महिन्यांचं घर. मग पाडेली मिळेनासा झाला, आईचा खांदा धरला, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. २०२० साली पहिल्यांदा बाजारातून निळी ताडपत्री आणली. अकराशे रुपये. सगळं गाव तीच वापरतं, घराच्या पडवीला, लाकडांच्या ढिगाला, गणपतीच्या मांडवाला. जुलैच्या मध्यावर ती होडीच्या कडेवर घासून फाटली, तिथे बाबांनी खताची गोणी लावली आणि तो पावसाळा निभावला.

दुसऱ्या वर्षी बाबांनी नवी ताडपत्री जरा लवकरच घातली. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. लॉकडाऊनमुळे मी घरीच होते, पुण्याचं ऑफिस माझ्या लॅपटॉपमध्ये. त्या दिवशी वीज गेली, नेटवर्क गेलं आणि दुपारी ताडपत्रीही गेली. ताडपत्रीच्या काठाला ज्या पितळी रिंगा असतात ना, त्या एकेक करून फट् फट् उपटल्या. दोरी जागेवर, रिंगा दोरीत, ताडपत्री शेजाऱ्यांच्या माडावर. तिथे ती पुढे दोन महिने फडफडत होती. काढायला चढणार कोण?

आणि इथे मी मध्ये पडले.

माझ्या हातात पगार होता, नेटवर्क परत आलं होतं आणि बाबांना काहीतरी चांगलं घेऊन द्यायची खुमखुमी होती. मी ऑनलाइन होडीचं ‘खरं’ कव्हर शोधलं. जाड पॉलिस्टर, ६०० डेनियर, आतून वॉटरप्रूफ लेप, काठाला सगळीकडून इलॅस्टिक. फोटोत ट्रेलरवर एक पांढरी बोट आणि तिच्यावर हे कव्हर गादीवर चादर बसावी तसं घट्ट बसलेलं. पाच हजार दोनशे रुपये. कुरियरवाला थेट वाडीत आला नाही, मी स्कूटरवरून जाऊन बॉक्स आणला.

बाबांनी कापड बोटांत धरून चोळलं, उलटं करून पाहिलं. म्हणाले, “कापड बरा आसा. पण होडयेक घाम येतलो.”

मी हसले. होडीला घाम! आईलाही सांगितलं, तीही हसली. बाबा मग काही बोलले नाहीत. आम्ही दोघांनी मिळून ते चढवलं. इलॅस्टिक इतकं छान बसलं की मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि स्टेटसला लावले.

जुलैत ऑफिसने बोलावलं म्हणून पुण्याला गेले, ती गणपतीला परत आले. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती. विसर्जन झालं, दोन दिवस ऊन पडलं आणि आम्ही कव्हर काढलं.

आधी वास आला. बंद माळ्यावरच्या ओल्या गोधडीसारखा. आतून सगळी होडी पांढुरकी, काही ठिकाणी काळी, बसायच्या फळीवर बुरशीचे मऊ गोळे. कव्हरला मात्र एक भोक नव्हतं. पावसाचा एक थेंब आत गेला नसेल. बाबांनी खिशातली सुरी काढली आणि नाळेजवळच्या फळीत टोचली. ती फणसाच्या गऱ्यात जावी तशी आत गेली. त्यांनी सुरी पुसली, मिटली, खिशात ठेवली. म्हणाले, “जेवक चल.”

दोन फळ्या आणि आतला एक वाक गेला होता. लाकडी होडीचं काम करणारा सुतार मिळेपर्यंत जानेवारी उजाडला, कारण जे होते ते फायबरच्या कामाला लागलेले. खर्च अकरा हजार. पैशांचं मला फार वाटलं नाही. पण त्या हंगामात बाबा खाडीत गेलेच नाहीत. संध्याकाळी चहा घेऊन पडवीत बसायचे आणि टीव्ही लावायचे. मी व्हिडिओ कॉल केला की मागे कायम कुठल्या तरी चॅनेलवरचं भांडण ऐकू यायचं. आई हळूच सांगायची, चार पावलं चालत नाहीत हल्ली. ज्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी हालचाल सांगितली होती, ती हालचाल म्हणजे ती होडी होती, हे मला तेव्हा कळलं.

एकदा मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही नीट?”

“सांगितलंय मा,” बाबा म्हणाले. “तू हसलंस.”

मग थोडं थांबून, “आणि तू पगारातून हाडलेलंस.”

*

घाम कसा येतो ते मी मग वाचून काढलं. प्रकार साधा आहे. होडी जमिनीजवळ असते, जमीन ओली असते. उघडीप पडली की ऊन कव्हर तापवतं, जमिनीतला आणि लाकडातला ओलावा वाफ होऊन वर येतो. बाहेर जायला वाट नसते. रात्री कापड गार पडलं की तीच वाफ त्याला आतून चिकटते, थेंब होऊन खाली पडते. रोज रात्री आतल्या आत थोडा थोडा पाऊस. लाकडात ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच राहिला की कुजवणारी बुरशी कामाला लागते. आणि हे पाणी गोडं असतं. समुद्राच्या मिठात या बुरशीचं फारसं चालत नाही. अमेरिकेत जुन्या काळी जहाजं बांधताना फळ्यांमागच्या पोकळ्यांत मीठ भरून ठेवायचे ते यासाठीच. बाबा दर मे महिन्यात होडीच्या तळात दोन किलो जाडं मीठ पसरतात. मला लहानपणी ती पूजा वाटायची. विचारलं तर म्हणाले, “खारा पाणी होडयेक राखता. गोडा पाणी तिका खाता.” खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात ही गोष्ट वेगळी, पण त्यांच्यासाठी उंडीचं तेल आहे.

चुडतांच्या छपराखाली हा घाम कधी आला नव्हता. तिथे दोन्ही तोंडं उघडी असायची, वारा या टोकाने शिरून त्या टोकाने निघायचा. छप्पर थोडं गळायचंही. थोडं गळलेलं होडीला चालतं, कोंडलेलं चालत नाही. मी शोधताना फक्त ‘वॉटरप्रूफ’ हा एक शब्द टाकला होता.

शिवाय मे महिन्यातलं ऊन. लाकूड सुकून आकसतं, फळ्यांमधल्या फटी उघडतात. म्हणून होडी पाण्यात घालायच्या आधी तिच्यात पाणी भरून दोन-तीन दिवस लाकूड फुगवावं लागतं. तेव्हा कव्हरने मेमध्ये सावली द्यायची, जूनपासून पाऊस अडवायचा आणि पूर्ण वेळ वारा खेळू द्यायचा. फायबरची होडी असेल तर कुजण्याची भीती नाही, पण आत साचलेलं पाणी आणि वर्षानुवर्षांचं ऊन तिलाही सोसत नाही.

२०२२च्या मार्चपासून मी कापडं बघायला लागले. लोक लग्नाआधी साड्या बघतात तशी.

परदेशात शिडाच्या बोटींवर जे सगळ्यात चांगलं मानतात ते ऍक्रिलिकचं कापड. त्यात धागा काढायच्या आधीच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे उन्हात विटत नाही. पाणी वरून ओघळून जातं आणि वाफ विणीतून बाहेर पडते. म्हणजे मला हवं ते सगळं. मुंबईतल्या एका विक्रेत्याने फोनवर भाव सांगितला. नुसत्या कापडाचेच चाळीस हजारांच्या वर. होडीची आजची किंमत तेवढी येईल की नाही, शंका आहे. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

मेणाचं सुती कॅनव्हास मला मनापासून आवडलं होतं. ओलं झालं की सुती धागा फुगतो, विणीतली भोकं आपोआप बंद होतात, सुकलं की परत वारा खेळतो. पण सुकलं तर ना! आमच्याकडे जुलैत अंगावरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही. चार महिने सतत ओलं राहिलेलं सूत स्वतःच कुजतं.

निळी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर. दुकानात तिचा ‘जीएसएम’ विचारतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. जास्त जीएसएम म्हणजे जाड, एवढंच. उन्हात किती टिकेल ते प्लास्टिकमध्ये ऊन सोसणारं रसायन घातलंय की नाही यावर ठरतं, आणि त्याबद्दल विचारलं की दुकानदार “एकदम गॅरंटी” असं म्हणतो.

आणि फ्लेक्स. निवडणुकीनंतरचे फुकटचे फ्लेक्स हे कोकणातलं सगळ्यात लोकप्रिय कव्हर असावं. आमच्या शेजाऱ्यांच्या होडीवर एक नेते चार महिने उताणे हसत होते. ऑगस्टपर्यंत चेहरा धुऊन गेला, दात राहिले. फ्लेक्स घडीवर चिरतो, नाहीतर तसा वाईट नाही.

शेवटी मला कुडाळात एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानाने सोडवलं. तिथले मास्तर रिक्षाची हुडं शिवतात. मी आत गेले तर मशीनवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, “गाडी कुठली?”

“होडी.”

“मॉडेल?”

“सत्याऐंशी.”

तेव्हा त्यांनी मान वर केली.

मी मोबाईलमध्ये जमवलेली सगळी माहिती त्यांना ऐकवली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, दोरी कुठून जाणार, कापड कुठे घासणार, वारा कुठच्या बाजूने लागतो, आणि कव्हर चढवणार कोण. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, बाबा, एकटे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. ते म्हणाले, मग भारी कापड नको.

हिशोब असा झाला. डोलकाठी आडवी करून दोन कैच्यांवर ठेवायची, घराच्या आढ्यासारखी, होडीच्या कडेपेक्षा अडीच फूट उंच. तिच्यावरून कापड दोन्हीकडे उतरवायचं. एकोणीस बाय दहा फूट, म्हणजे साधारण साडेसतरा चौरस मीटर. ट्रकवर घालतात ते पीव्हीसीचा लेप दिलेलं ६५० जीएसएमचं कापड घेतलं तर साडेअकरा किलो. ४५०चं घेतलं तर आठ किलोच्या आत. रंग फिका करडा, कारण गडद रंग तापतो. पण पीव्हीसीतून वाफ जात नाही, मी म्हटलं. मास्तर म्हणाले, “कापडातून कशाला जायला हवी? दोन्ही दारं उघडी आहेत ना?” तिथे माझं ऍक्रिलिकचं दुःख संपलं.

उताराबद्दल त्यांनी मला दम दिला. कापड कुठेही सपाट राहता कामा नये. एक मीटर लांब-रुंद खळगा पडून त्यात दहा सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते शंभर किलो होतं. खळगा मग वाढतच जातो आणि एका रात्रीत सगळं खाली येतं.

त्यांचं काम बघताना मला जे कळलं ते कुठल्याही साइटवर नव्हतं. म्हणजे असेलही, पण कापडाच्या नावांखाली दबलेलं. कापड क्वचितच आधी जातं. आधी शिवण जाते, नाहीतर रिंगा. नायलॉनचा दोरा मजबूत, पण उन्हात लवकर कमकुवत होतो, म्हणून त्यांनी पॉलिस्टरचा जाड दोरा घेतला. शिवण जीन्सच्या पायासारखी, कडा एकमेकींत दुमडून दुहेरी, आणि आढ्यावर मुद्दाम एकही नाही. सुईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून शिवणींवर आतून मेणबत्ती घासली. जिथे डोलकाठी टेकते आणि जिथे होडीची कड लागते तिथे रेक्झिनची थिगळं. रिंगा हव्यातच म्हटल्यावर प्रत्येक रिंगेखाली कापडाचे तीन पदर, आणि काठाच्या दुमडीत अख्खी दोरी घालून शिवली, म्हणजे ओढ एकट्या रिंगेवर येत नाही.

आणि सायकलच्या जुन्या ट्यूब. त्यांच्या पट्ट्या कापून रिंग आणि दोरी यांच्यामध्ये बांधायच्या. झोत आला की ट्यूब ताणते, गेला की आवळते. तौक्तेमध्ये आमच्या ताडपत्रीला झुकायला जागाच नव्हती, म्हणून ती फाटली. या ट्यूबचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून आणल्या.

सगळे मिळून सहा हजार चारशे. यंदाचा हा त्या कव्हरचा चौथा पावसाळा. मागच्या वर्षी एक शिवण उसवली, ती मास्तरांनी शंभर रुपयांत परत मारून दिली. तुम्ही हिशेबी असाल तर एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की वर्षाला सोळाशे रुपये पडले आणि निळी ताडपत्री अकराशेला मिळते. म्हणजे हिशोबात निळीच जिंकते. मी खूप प्रयत्न केला, पण आकडे माझ्या बाजूने येत नाहीत. फक्त ती जुलैत, रात्री दोन वाजता, धो धो पावसात फाटते. मी तेव्हा पुण्यात असते, आणि बाबा टॉर्च घेऊन ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर उठून जातात, कारण त्यांना आवाज ऐकू येतो. ते पाचशे रुपये मी त्याचे देते.

ते ऑनलाइनचं कव्हर आईने कापलं. त्याच्या तीन पिशव्या झाल्या, एक स्कूटरचं कव्हर आणि उरलेलं कोंबड्यांच्या खुराड्यावर. टिकाऊ आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

बाबा आता मे महिन्यात एकटेच होडी झाकतात. डोलकाठी उचलायला शेजारचा मुलगा येतो तेवढाच. जुलैत मी घरी गेले की एकदा तरी वाकून आत हात घालते आणि तळाची फळी चाचपते. मीठ हाताला लागतं, जरा दमट, पण खाली लाकूड टणक. बाबा पडवीतून बघत असतात. विचारत काही नाहीत.

या वर्षी गणपतीत मला घरी जाता आलं नाही. होडी पाण्यात घालायला तरी जावं म्हणून नंतरची तीन दिवसांची रजा काढली. निघायच्या आदल्या रात्री फोन आला.

“बाय, आता येव नको. पुढच्या आठवड्यात ये.”

“का? काय झालं?”

“होडयेत मांजराक पिलां झाली हत. चार.”

“मग?”

“मग काय? डोळे उघडूंदेत त्यांचे.” मागे टीव्हीचा आवाज नव्हता. “सगळ्या वाडयेत तिका हीच एक जागा कोरडी गावली.”

मी बसचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं करून घेतलं.